अबोला सुटायचा कसा? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

कोल्हापूर परिसरातल्या ख्रिस्ती घरांतून आलेली या वेळची बरीच पत्रं एकाच दुखण्याची आहेत. भावाभावांत बोलणं नाही, लेकीला माहेर बंद, बापाला घरात घ्यायचं की नाही. नावं छापलेली नाहीत, ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत. सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. क्षमा एकट्यानं करता येते. समेटाला समोरचाही लागतो. प्रवचनात हे दोन्ही शब्द एका दमात येतात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

धाकट्या भावाशी अकरा वर्षं बोलणं नाही. वडील गेल्यावर घरावरून भांडण पेटलं आणि माझ्याकडून त्याच्यावर हात उचलला गेला. दोघं एकाच चर्चमध्ये जातो. तो पुढच्या दारानं, मी मागच्या. येत्या नाताळात केक घेऊन सरळ त्याच्या दारात जावं असं मनात आहे. जाऊ का? – एक वाचक, शाहूपुरी

केक घेऊन जाऊ नका. निदान नाताळात तरी नको. त्या दिवशी त्याच्या घरात पाहुणे असतील, सासरची माणसं असतील, करंज्या-चकल्यांची ताटं फिरत असतील. दारात तुम्हाला बघून त्याला हसावंच लागेल, कारण चारचौघांत कुणी भावाला हाकलत नाही. म्हणजे अकरा वर्षांचा निर्णय तुम्ही त्याच्याकडून उंबऱ्यावर दहा सेकंदांत वसूल करणार. अशी भेट दिसायला गोड होते, पण पाहुणे गेल्यावर रात्री त्या घरात जे बोललं जातं त्यात पुढची पाच वर्षं जातात.

बायबलातला याकोब, ज्याला फसवून पळाला होता त्या भावाला, एसावाला, वीस वर्षांनी भेटायला निघाला तेव्हा त्यानं काय केलं ते उत्पत्तीच्या ३२व्या अध्यायात नीट वाचा. आधी निरोप धाडला. मग भेट पाठवली: २०० शेळ्या, २० बोकड, २०० मेंढ्या, २० एडके, पिलांसह ३० सांडणी, ४० गाई, १० बैल, २० गाढवी, १० गाढवं. आणि चाकरांना बजावलं की कळपाकळपांत अंतर राखा. प्रवचनात सहसा आकडे वाचतात आणि अंतर राहून जातं. एसावाला प्रत्येक कळपामागं विचार करायला वेळ मिळाला, ही त्यातली खरी गोम आहे. तुमच्याकडे शेळ्या नाहीत, पण अंतर ठेवता येईल.

आधी एक काम घरी, एकट्यानं करायचं. कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात त्यानं काय केलं, दुसऱ्यात मी काय केलं, तिसऱ्यात मी फक्त ऐकलेलं काय. ‘तो म्हणे पाळकांना असं म्हणाला’, ‘तिनं म्हणे आईच्या बांगड्या मोडल्या’ हे सगळं तिसऱ्यात. तिसरा रकाना लिहून झाला की सरळ काट मारा. पुष्कळदा तोच सगळ्यांत लांब निघतो. पहिला रकाना देवापुढं ठेवा. स्तोत्र ५५ मध्ये दावीद जवळच्या माणसानं केलेल्या घातावर जसा तळमळून बोलतो तसं बोला, गोड गोड प्रार्थना नको. पत्रात जायचा आहे तो फक्त दुसरा रकाना, आणि त्यातलीही एकच गोष्ट.

पत्र हातानं लिहा. व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा उमटतात आणि ‘वाचलं तरी उत्तर नाही’ ही नवी जखम तयार होते. शिवाय स्क्रीनशॉट सासुरवाडीपर्यंत पोचायला पाच मिनिटं पुरतात. पत्र एका पानाचं, शंभर-सव्वाशे शब्दांपलीकडे नाही. ते असं असू शकतं:

“प्रिय …, त्या दिवशी अंगणात पोरांसमोर मी तुझ्यावर हात उचलला. ती माझी चूक होती. भांडण कशावरून झालं हा मुद्दा वेगळा. हात उचलायला नको होता. तुझ्या पोरांना काका म्हटलं की तेच आठवत असेल, याचं मला फार वाईट वाटतं. घराचा विषय या पत्रात नाही, आणि तुझं मन होईपर्यंत मी तो काढणार नाही. उत्तर दिलंच पाहिजेस असं नाही. कधी बोलावंसं वाटलं तर माझा नंबर तोच आहे.”

यात काय नाही तेही बघा. ‘पण’ हा शब्द नाही. ‘माझं चुकलं पण तूही’ असं लिहिलं की वाचणारा ‘पण’च्या पुढचंच वाचतो. बायबलचं वचन नाही, कारण भांडणात वचन हे दुसऱ्याच्या हातातल्या काठीसारखं दिसतं, आणि दोघंही चर्चला जाणारे असले की तो उलट दुसरं वचन फेकतो. ‘आई तुझ्यासाठी रडते’ नाही. आईला मध्ये ओढलं की पत्र दबावाचं होतं. आणि ‘मी तुला माफ केलं आहे’ हे तर अजिबात नाही. आपलं काही चुकलं असं ज्याला वाटतच नाही त्याला हे वाक्य आरोपासारखं लागतं. तुमची क्षमा तुमच्या प्रार्थनेत राहू द्या. त्यानं मागितली तर तोंडी द्या.

पत्र साध्या पोस्टानं टाका. पोचपावती जोडलेलं पाकीट नको. जिथं जागेचा वाद आहे तिथं पोस्टमननं सही मागितली की घरातले पाकीट फोडण्याआधीच ‘वकिलाची नोटीस आली’ म्हणतात. दिवसही साधा निवडा. नाताळ, ईस्टर, वडिलांचा स्मृतिदिन यांच्या आगेमागे दोन-तीन आठवडे मोकळे सोडा.

मग थांबायचं. निदान दीड महिना. या काळात त्याच्या मुलाला बोलावून ‘पप्पांनी पत्र वाचलं का’ असं विचारायचं नाही, आणि घरगुती प्रार्थनेत ‘माझ्या भावाचं मन मऊ व्हावं’ असा विषय द्यायचा नाही. आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, प्रार्थनेचा विषय सकाळी दिला की संध्याकाळी तो बातमी झालेला असतो. ‘एका नात्यासाठी प्रार्थना करा’ एवढं पुरे. देवाला पत्ता ठाऊक आहे.

उत्तर आलं तर पहिली भेट घरी नको, चर्चच्या आवारातही नको. टाऊन हॉलच्या बागेत सकाळी जा; बाकावर शेजारी शेजारी बसलं की समोरासमोर डोळ्यांत बघत राहावं लागत नाही, आणि पुरुषांना असं बसून बोलणं सोपं जातं. रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर भेटू नका, तिथं अर्धं गाव भेळ खायला आलेलं असतं आणि ओळखीचं कुणी ना कुणी येऊन ‘वा, दोघं भाऊ एकत्र!’ म्हणतंच. वेळ आधी ठरवा, पाऊण तास. संपायची वेळ माहीत असली की माणूस निवांत बसतो. चहा चालेल, तांबडा-पांढऱ्याचं जेवण तिसऱ्या-चौथ्या भेटीला ठेवा. जेवणाला दोघांच्या बायका येतात, पोरं येतात, आणि प्रत्येकाचा स्वतःचा हिशेब असतो. मत्तय १८:१५ मध्ये येशू ‘एकांतात’ जायला सांगतो ते याचसाठी. मात्र निघण्यापूर्वी बायकोला सगळं सांगा. तिच्या पाठीमागं केलेला समेट घरी आल्यावर टिकत नाही.

घराचा विषय त्यानं काढला तर ‘त्यासाठी वेगळं बसू, कागद घेऊन’ म्हणा.

आणि उत्तर आलंच नाही तर? सहा महिन्यांनी एकदा, फक्त कामाची माहिती कळवा: आईचं ऑपरेशन कधी, कुठल्या दवाखान्यात. विनंती नको, टोमणा नको. त्यानंतर मत्तय १८:१६ची पायरी, एक-दोन माणसं बरोबर घेण्याची. इथं कोल्हापूरची एक अडचण आहे. १८५२ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर इथं आले, तेव्हापासूनची ही मंडळी. चार-पाच पिढ्यांत सगळ्यांची सोयरीक झालेली. तटस्थ माणूस शोधायला जावं तर तो दोघांचाही मावसभाऊ निघतो, नाहीतर चर्चच्या पंचकमिटीच्या निवडणुकीत एकाच्या पॅनेलमधला असतो. म्हणून मिरज, गडहिंग्लज किंवा इचलकरंजीच्या मंडळीतला, दोघांनी नाव घेऊन मान्य केलेला माणूस बघा. त्याला जागेतून काही मिळणार नसावं आणि त्याचं तोंड बंद राहणारं असावं. दुसरी अट पुरी करणारे कमी भेटतात.

शेवटी याकोब-एसावाचं काय झालं तेही लक्षात ठेवा. गळ्यात गळा घालून दोघं रडले. एसाव म्हणाला, चल बरोबर जाऊ. याकोब म्हणाला, तू पुढं हो, आणि स्वतः सुक्कोथला वळला. दोघं एका गावात कधीच राहिले नाहीत. पण इसहाक वारला तेव्हा दोघांनी मिळून त्याला पुरलं (उत्पत्ती ३५:२९). तुमचंही एवढंच झालं तरी तो समेटच आहे.

इचलकरंजीत दिलेली बहीण आहे. दोन भाऊ, आई हयात. वडील मृत्युपत्र न करता वारले. गेल्या वर्षी ‘बँकेच्या कर्जाला सही लागते’ म्हणून भावांनी दुय्यम निबंधकांकडे नेऊन माझी सही-अंगठा घेतला. ते हक्कसोडपत्र होतं हे आत्ता कळलं. हिस्सा मागितल्यापासून माहेर बंद. पाळकसाहेब म्हणतात, ख्रिस्ती माणसानं कोर्टात जाऊ नये, सोडून दे.

आधी हिशेब, म्हणजे भांडण कशावर आहे ते स्पष्ट होईल. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता वारला तर १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. पत्नीला एक तृतीयांश, उरलेलं दोन तृतीयांश सगळ्या मुलांत सारखं. मुलगा-मुलगी भेद नाही, लग्न झालं-नाही झालं भेद नाही. तुमच्या घरात आईला ९ पैकी ३ हिस्से आणि तुम्हा तिघांना प्रत्येकी २. घर ४५ लाखांचं धरलं तर आईचे १५ लाख आणि तुमचे १०. ‘मुलीला हुंडा-दागिन्यांत दिलं’ हे कायद्यात कुठंच नाही. उलट एक गोष्ट भावांच्या बाजूची: वडिलांनी मृत्युपत्र करून सगळं एकाला दिलं असतं तर ते चाललं असतं, कारण ख्रिस्ती कायद्यात मुलांना वडिलांच्या मालमत्तेत जन्मानं हक्क नसतो. पण तसं झालेलं नाही.

पाळकसाहेबांचा रोख १ करिंथ ६ कडे असावा; आपसातले वाद कोर्टात नेऊ नका असं तिथं आहे. त्याच अध्यायात पाचव्या ओवीत पौल विचारतो, भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय? म्हणजे कोर्टात जाऊ नका असं म्हणणाऱ्या मंडळीवर स्वतः बसून निवाडा करण्याची जबाबदारी येते. ‘सोडून दे’ हा निवाडा झाला नाही. शिवाय जक्कय या जकातदारानं येशूला घरी घेतल्यावर लुबाडलेलं चौपट परत करण्याची भाषा केली; ज्यांना लुबाडलं त्यांना त्यानं ‘आता विसरा’ असं म्हटलेलं नाही. आणि हेही खरं, की ‘माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांग’ म्हणणाऱ्या माणसाला येशूनं ‘मला वाटणी करणारा कुणी नेमलं?’ असं विचारलं (लूक १२:१३-१४), आणि लगेच लोभापासून जपायला बजावलं. हिस्सा मागणं आणि भावांना धडा शिकवणं यांतला फरक तुम्हालाच रोज तपासावा लागेल.

आता कामाचं. त्या दस्ताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून काढा. नगर भूमापन कार्यालयातून प्रॉपर्टी कार्ड काढा आणि तुमचं नाव कमी झालंय का बघा. गावाकडं शेत असेल तर सातबारा आणि फेरफार. फसवून करून घेतलेला दस्त रद्द करून मागायला, फसवणूक कळल्यापासून ३ वर्षांची मुदत असते. समेटाच्या गोष्टी करता करता ही मुदत निघून जाते आणि मग बोलणीही बंद होतात, असं पुष्कळ घरांत होतं. म्हणून वकिलाला आत्ताच दाखवा. दाखवणं म्हणजे दावा लावणं नव्हे.

नंतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. दावा लावण्याआधीही तिथं मध्यस्थी किंवा लोकअदालत होऊ शकते, महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि लोकअदालतीत झालेला तडजोडीचा निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो. त्यावर अपील नाही. राष्ट्रीय क्रमांक १५१००. भावांना हे कसं कळवायचं? ‘कोर्टात खेचते’ असं नको. ‘मला तुमच्याशी भांडायचं नाही, तिऱ्हाईतासमोर बसून कागदावर मिटवू’ असं म्हणा, आणि ते आईसमोर नको.

तोंडी समेट करू नका. ‘देईन गं तुला पाच लाख, घर विकलं की’ या वाक्यावर रडून मिठी मारून आलेल्या बहिणी दोन वर्षांनी दुप्पट दुखावलेल्या असतात. रक्कम, तारीख, आईच्या राहण्याची सोय, सगळं लेखी. जागेचा हक्क बदलत असेल तर नोंदणीकृत. पौलानं फिलेमोनाला त्याच्या दासाबद्दल लिहिताना ‘त्याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड’ असं म्हटलं, आणि ‘हे मी स्वतःच्या हातानं लिहितो’ असंही पुढं जोडलं. देण्याची गोष्ट कागदावर आणण्यात अविश्वास नाही.

मी मराठा घरातली. सहा वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला, ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं. वडील कागलला असतात, माझं नावही घेत नाहीत. आई चोरून फोन करते. येत्या महिन्यात चुलतभावाचं लग्न आहे, तिथं जाऊन सगळ्यांसमोर वडिलांची माफी मागू का?

लग्नात नको. मांडवात वडिलांना तुमच्यापेक्षा भावकीचं तोंड जास्त दिसेल. आधी दुःखाच्या कामाला जा: कुणाचं आजारपण, मयत, मातीला. तिथं आलेल्याला कुणी ‘का आलीस’ म्हणत नाही, फार बोलावंही लागत नाही, आणि आलेली कायम लक्षात राहते. दोनदा-तीनदा असं झालं की मग घरी जाण्याची गोष्ट.

माफी कशाची मागायची ते आधी ठरवा. विश्वासाची माफी मागू नका, ती खोटी होईल आणि वडिलांना ते कळेल. पण न सांगता बाप्तिस्मा घेतला असेल, लग्नाची बातमी त्यांना बाहेरून कळली असेल, रागाच्या भरात ‘तुमचे देव दगडाचे’ असं काही तोंडून गेलं असेल, तर त्याची मागा. ही माफी वेगळी आणि ती तुम्ही देणं लागता.

पाया पडावं का, असं तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलं आहे. आमच्या मते जरूर पडा. काही पाळक मनाई करतात, कारण त्यांना ती पूजा वाटते. पण याकोब भावापुढं सात वेळा भुईपर्यंत लवला, योसेफ मिसरचा अधिकारी असताना बापापुढं लवला (उत्पत्ती ४८:१२), मोशे सासऱ्याला नमन करून भेटला (निर्गम १८:७). थोरल्यांना मान देणं आणि देवाची उपासना यांत पवित्र शास्त्र गल्लत करत नाही. कागलच्या घरात लेक आली आणि पाया न पडता खुर्चीवर बसली, तर पुढचं एकही वाक्य कुणी ऐकणार नाही.

प्रसादाचं मात्र आधीच ठरवून जा, ऐन वेळी दारात अडखळू नका. १ करिंथ १०:२७-२८ मध्ये पौल म्हणतो, जेवायला वाढलेलं चौकशी न करता खा. ‘हे नैवेद्याचं आहे’ असं कुणी मुद्दाम सांगितलं तर मग खाऊ नका. यावर मंडळ्यांत एकमत नाही, तुमच्या पाळकांशी बोला. नाही म्हणायचं असेल तर आईला आदल्या दिवशी हळूच सांगा, म्हणजे ती ताट वेगळं वाढेल आणि कुणाला कळणारही नाही. आया हे काम फार सफाईनं करतात. मात्र आईला निरोप्या करू नका. चोरून येणारे तिचे फोन तिच्या जिवाला घोर आहेत. ‘बाबांना सांग’ म्हणून तिच्यावर ओझं टाकलंत तर तेही बंद होतील. पहिल्या वर्षभरात घरच्यांना पत्रकं, बायबल, सभेचं आमंत्रण काही देऊ नका. १ पेत्र ३मध्ये विश्वास न ठेवणाऱ्या नवऱ्यांबद्दल सांगितलं आहे, की वचनावाचून, वागणुकीनं ते मिळवले जावेत. माहेरालाही तेच लागू धरा.

कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली वर्षं ताटातुटीची आणि नातेवाइकांच्या रोषाची होती. तुमची सहा वर्षं म्हणजे उशीर झाला असं समजू नका.

जाता जाता: धर्म बदलला म्हणून वडिलांच्या मालमत्तेतला तुमचा वारसाहक्क जात नाही; १८५०च्या कायद्यानं ते संरक्षण दिलं आहे. धर्मांतरानंतर झालेल्या तुमच्या मुलांना मात्र हिंदू नातेवाइकांचा वारसा मिळत नाही (हिंदू उत्तराधिकार कायदा, कलम २६). हे माहीत असू द्या, भेटीत काढू नका.

वडील दारू पिऊन आईला आणि मला मारायचे. आई गेली. आता ते एकटे, आजारी, अजूनही पितात आणि ‘मला तुझ्या घरी घे’ म्हणतात. घरात माझ्या दोन लहान मुली आहेत. मंडळीतले म्हणतात, सातांच्या सत्तर वेळा क्षमा कर. घेऊ का घरी? – कसबा बावडा

नाही. पिणं चालू असताना, लहान मुली असलेल्या घरात नाही.

सातांच्या सत्तर वेळा हे पेत्राला येशूकडून मिळालेलं उत्तर क्षमेबद्दल आहे, घरात राहायला जागा देण्याबद्दल नाही. लूक १७:३ मध्ये क्षमेच्या आधी ‘त्याला दोष दाखव’ आहे आणि ‘त्यानं पश्चात्ताप केला तर’ही आहे. दावीद बघा. त्याच्या जिवावर उठलेला राजा शौल दोनदा त्याच्या हातात सापडला आणि दोन्ही वेळा त्यानं सूड घेतला नाही. दुसऱ्या वेळी शौल म्हणाला, माझं चुकलं, माझ्या मुला, परत ये (१ शमुवेल २६:२१). दावीद परत गेला नाही. शौलाचा भाला त्यानंच त्याच्या चाकराकरवी परत केला आणि आपल्या वाटेनं गेला. सूड सोडला होता; भाल्याच्या टप्प्यात बसायचं त्यानं मान्य केलं नाही.

पण जबाबदारी संपत नाही. स्वतःचा खर्च भागवू न शकणाऱ्या आईवडिलांना पोसणं २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं मुलांवर बंधनकारक आहे; प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात ते अर्ज करू शकतात आणि महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह ठरवून मिळू शकतो. तेव्हा सोय घराबाहेर करा. भाड्याची खोली, जमल्यास तळमजल्यावर. घरभाडं मालकाच्या खात्यात, डबा खानावळीला परस्पर, औषधं मेडिकलमध्ये उधारीची वही ठेवून. हातात रोकड अजिबात नको. पाचशेची नोट संध्याकाळपर्यंत कुठं जाते ते तुम्हाला माहीत आहे. भेट आठवड्यातून एकदा, सकाळी, त्यांनी घेतलेली नसताना. वास आला तर डबा ठेवून निघा, वाद घालत बसू नका. मुलींना एकट्यानं पाठवायचं नाही. वृद्धांसाठीच्या मदतीचा क्रमांक १४५६७.

दारू सोडतो म्हणाले तर ‘आजपासून बंद’ अशी शपथ घ्यायला लावू नका. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम सोडली की पहिल्या दोन-तीन दिवसांत थरथर, भास, आकडी येते आणि जीवही जाऊ शकतो. उपवास-प्रार्थनेच्या बैठकीत बसवून हे करू नये; डॉक्टरच्या देखरेखीखालीच करावं, प्रार्थना शेजारी बसून करावी. पुढं अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा आहेत. त्यांच्या बारा पायऱ्यांतली नववी दुखावलेल्यांची भरपाई करण्याची आहे, आणि त्यात अपवादही घातलेला आहे: भरपाई करताना त्या माणसाला पुन्हा इजा होणार असेल तर नाही.

ज्या वाचकांच्या बाबतीत बालपणी लैंगिक अत्याचार झाला असेल त्यांनी समोरासमोर ‘समेटाची बैठक’ कुणाच्याही आग्रहावरून घेऊ नये. आणि आज घरातलं एखादं १८ वर्षांखालचं मूल धोक्यात असेल तर पोक्सो कायद्यानं कळवणं सक्तीचं आहे, पाळकांनाही. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, तातडीला ११२. अशा प्रकरणात ‘मंडळीची बदनामी नको’ म्हणणाऱ्याचा सल्ला घेऊ नका.

जावेशी बोलणं नाही. अशात प्रभुभोजन (चर्चमधला भाकरी-द्राक्षारसाचा विधी) घ्यावं का? – राजारामपुरी

मत्तय ५:२३-२४ मध्ये ‘तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे’ असं आठवलं तर दान वेदीपाशी ठेवून आधी समेट करायला जा, असं आहे. शनिवारी फोन करा. तिनं उचलला नाही, किंवा उचलून ठेवला, तर तुम्ही गेलात. रोम १२:१८ मध्ये ‘तुमच्याकडून होईल तितकं’ असंच म्हटलं आहे. मग भोजन घ्या. वर्षानुवर्षं मागच्या बाकावर बसून उठून जाण्यानं जावेचं मन वळत नाही, तुमचंच कोरडं पडतं. कॅथलिक वाचकांनी फादरांकडे प्रायश्चित्त संस्काराला (कन्फेशनला) जावं; तिथलं बोलणं बाहेर जात नाही, आणि कुणाचं काही घेतलं असेल तर ते परत करण्यावाचून सुटका होत नाही हेही तिथं स्पष्ट कळतं.

आई गेली तेव्हा मी तिच्याशी बोलत नव्हतो. मातीलाही गेलो नाही. आता काय करू?

तिच्याशी समेट आता इथं होणार नाही, आणि ‘स्वर्गातून ती सगळं बघते’ असं सांगून आम्ही तुमची समजूत काढणार नाही. क्षमा देवाजवळ मागा. पाळकांसमोर मोठ्यानं, नेमक्या शब्दांत मागितलीत तर बरं, मनातल्या मनात मागितलेली रात्री परत येते. मग तिची जिवंत देणी बघा. तिचं शेवटचं आजारपण कुणी काढलं? थोरली बहीण, भावजय, शेजारची मावशी? त्यांच्याकडे जा. दवाखान्याचा खर्च कुणी केला ते विचारा आणि तुमच्या वाट्याची रक्कम द्या. नको म्हणाले तरी एकदा पुन्हा द्या. कबरीचा दगड अजून बसवला नसेल तर खर्च उचला, पण मजकूर तुम्ही ठरवू नका, ज्यांनी सेवा केली त्यांना ठरवू द्या. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जीव नकोसा वाटत असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीला १४४१६ वर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. डॉक्टरकडे जाणं हे विश्वास कमी असल्याचं लक्षण नाही. मिरजेत आणि कोल्हापुरात मिशनऱ्यांनी दवाखाने काय उगाच बांधले?

फॅमिली ग्रुपवर एकदाच सगळ्यांची जाहीर माफी मागितली तर चालेल का? चाळीस जण आहेत, एकेकाला कुठं भेटत बसू?

नाही चालणार. पस्तीस जणांचं तुम्ही काही बिघडवलेलं नसतं, ते हात जोडल्याच्या खुणा टाकतील. ज्या पाच जणांचं बिघडवलं ते ग्रुप सोडतील. त्या पाच जणांची नावं कागदावर काढा आणि वर शाहूपुरीच्या वाचकांना सांगितलेल्या पत्रापासून सुरुवात करा. महिन्याला एक पत्र बास.